लहान लेथची चालनयंत्रणा : गती, जोर आणि थांबा

नाशिक म्हटले की गोदाकाठ, पंचवटी आणि दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ कुंभमेळा यांचे स्मरण प्रथम होते. तथापि या शहराची आणखी एक ओळख आहे, आणि ती धातूच्या कामाशी निगडित आहे. नाशिकच्या तांबट-कासारांनी घडविलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची दखल १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्येही घेण्यात आली होती. पुढे १९६४ साली ओझर येथे विमानांचा कारखाना उभा राहिला. सातपूर, अंबड व सिन्नर येथील औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान लहान कार्यशाळा वाढल्या. या सर्व ठिकाणी जे एक यंत्र हटकून आढळते, ते म्हणजे लेथ. फिरत्या धातूवर स्थिर हत्यार धरून त्याला गोल आकार देणारे हे यंत्र सर्व यंत्रांची जननी मानले जाते. कारण इतर यंत्रांचे भाग त्याच्यावर तयार होतात आणि लेथचे भागही लेथवरच तयार होतात.

मोठ्या कार्यशाळेतून बाद झालेला एखादा लहान लेथ शाळेच्या तंत्रविभागात, गावच्या लोहाराच्या भात्याजवळ किंवा सेवानिवृत्त कारागिराच्या पडवीत येऊन पडतो. त्याचे बिडाचे अंग शाबूत असते, चक फिरतो, हत्याराची बैठक सरकते. नसते ती फक्त त्याला फिरविणारी व्यवस्था. मूळ मोटार निघून गेलेली असते किंवा ती कधी नव्हतीच. असा लेथ वर्षानुवर्षे गंज खात पडून राहतो. वास्तविक मोटार, दोन-तीन पुल्या, पट्टे आणि थोडे गणित यांच्या साहाय्याने ही व्यवस्था गावातच उभी करता येते. छंद म्हणून धातुकाम करणारे अनेक जण जगभर ती करीत आले आहेत. १९८० साली डेव्हिड गिंजरी या अमेरिकी कारागिराने कोळशाच्या लहान भट्टीत भंगार ॲल्युमिनियम ओतून संपूर्ण लेथच घरी कसा बनवावा, याची पुस्तके प्रसिद्ध केली व त्यांतून अनेकांना प्रेरणा मिळाली. मात्र यंत्र फिरू लागले म्हणजे काम संपले, हा समज बरोबर नाही. चालनयंत्रणेने तीन गोष्टी द्यावयाच्या असतात : योग्य गती, पुरेसा जोर आणि हमखास थांबा. यांपैकी तिसरीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि अपघात नेमका तेथेच होतो.

हातापासून मोटारीपर्यंत

कातारी हा आपल्याकडील जुना व्यवसाय. लाकूड कातण्याच्या जुन्या पद्धतीत कामाभोवती दोरीचा वेढा देऊन ती कमानीने किंवा मदतनिसाच्या हाताने पुढे-मागे ओढली जात असे. काम एकदा पुढे फिरे, एकदा मागे; आणि पुढे फिरताना तेवढे हत्यार लागे. पुढे पायाने दाबायची फळी व जड चाक आले आणि एकाच दिशेने अखंड फिरणे शक्य झाले. शिवणयंत्राची पायफळी पाहिलेल्या कोणासही ही रचना सहज कळेल.

वाफेच्या व तेलाच्या इंजिनांच्या काळात संपूर्ण कारखान्यास एकच इंजिन असे. छताखालून एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे चामड्याचा सपाट पट्टा उतरे. या व्यवस्थेतील एक युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक यंत्रासाठी शेजारी-शेजारी दोन पुल्या असत. एक शाफ्टला पक्की जोडलेली, दुसरी मोकळी. दांडीने पट्टा मोकळ्या पुलीवर सरकविला की इंजिन चालू असतानाही ते एक यंत्र थांबे. थांबण्याची सोय अशी रचनेतच होती. पुढे प्रत्येक यंत्रास स्वतंत्र मोटार आली आणि हा शाफ्ट गेला. जुन्या लेथवर आज दिसणारी तीन-चार पायऱ्यांची रुंद पुली ही त्याच काळाची खूण होय.

गतीचे गणित

लेथ किती वेगाने फिरवावा, हे कामाच्या धातूवर आणि व्यासावर अवलंबून असते. महत्त्वाचे असते ते हत्याराच्या टोकासमोरून धातू दर मिनिटास किती मीटर सरकतो, हे. हायस्पीड पोलादाच्या हत्याराने साधे मऊ पोलाद कातताना हा वेग मिनिटास सुमारे २५ मीटर, बिडासाठी सुमारे २० मीटर, तर पितळेसाठी सुमारे ६० मीटर धरतात. यावरून फेरे काढण्याची रीत सोपी आहे : मीटरमधील वेगास ३१८ ने गुणावे आणि कामाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागावे.

पोलादी सळई २५ मिमी व्यासाची असेल, तर २५ गुणिले ३१८ भागिले २५, म्हणजे मिनिटास ३१८ फेरे. त्याच पोलादाची १०० मिमी व्यासाची चकती असेल, तर सुमारे ८० फेरे पुरेत. आणि सळई १० मिमीची असेल, तर सुमारे ८०० फेरे हवेत. यापेक्षा हळू फिरविल्यास बहुधा वेळ तेवढा अधिक जातो. वेगाने फिरविल्यास मात्र हत्याराची धार जळते.

आता मोटारीकडे पाहू. आपल्याकडे वीजप्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने नेहमीची चार ध्रुवांची मोटार मिनिटास सुमारे १,४४० फेरे घेते. दोन ध्रुवांची असल्यास सुमारे २,८८०. अशी मोटार चकला थेट जोडता येत नाही. १०० मिमीच्या चकतीस हव्या असलेल्या गतीपेक्षा ही गती अठरा पट अधिक होईल. ही गती उतरविणे आणि गरजेप्रमाणे बदलणे हे चालनयंत्रणेचे पहिले काम.

मधला शाफ्ट

एकाच टप्प्यात गती फार उतरवावयाची तर एक पुली अतिशय लहान आणि दुसरी अवाढव्य होते. लहान पुलीवर पट्ट्याची पकड कमी पडते व तो घसरतो. म्हणून मोटार आणि लेथ यांच्यामध्ये आणखी एक शाफ्ट दोन बेअरिंगांवर बसवितात. मोटारीवर ७५ मिमीची आणि मधल्या शाफ्टवर २२५ मिमीची पुली घेतली, तर गती एक-तृतीयांश होऊन ४८० फेऱ्यांवर येते. मधल्या शाफ्टवर व लेथच्या मुख्य आसावर ७५, १०० आणि १२५ मिमीच्या तीन पायऱ्यांची पुली एकमेकींच्या उलट दिशेने बसविली, की पट्टा एका पायरीवरून दुसरीवर टाकून २८८, ४८० आणि ८०० अशा तीन गती मिळतात. समोरासमोरच्या पायऱ्यांच्या व्यासांची बेरीज प्रत्येक वेळी २०० मिमीच येते. त्यामुळे एकच पट्टा तिन्ही ठिकाणी बसतो.

पट्ट्याची लांबी काढण्याचे सूत्रही शाळेतील गणिताच्या आवाक्यातले आहे. दोन शाफ्टांमधील अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेची १.५७ पट, अधिक व्यासांच्या फरकाच्या वर्गास अंतराच्या चौपटीने भागून येणारी संख्या. ७५ व २२५ मिमीच्या पुल्या ४०० मिमी अंतरावर असल्यास ८००, ४७१ आणि १४ मिळून १,२८५ मिमी होतात. बाजारात नेमका तेवढा पट्टा मिळाला नाही, तर जवळचा घ्यावा आणि मोटारीच्या बैठकीतील भोके लांबट ठेवून अंतर जुळवावे. मोटार बिजागरीच्या पाट्यावर बसविली, तर तिच्या स्वतःच्या वजनानेच पट्टा ताणलेला राहतो. हा उपाय साधा आणि खात्रीचा आहे.

जोर कोठून येतो?

गती आणि जोर यांचे नाते प्रत्येक सायकलस्वारास अनुभवाने ठाऊक असते. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील चढ चढताना सायकलचा गिअर उतरविला, तर पाय अधिक फिरतात; पण चढ चढता येतो. लेथचेही तसेच आहे. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार सुमारे ३७३ वॅट शक्ती देते. १०० मिमीच्या चकतीच्या कडेवर ४८० फेऱ्यांना ती साधारण १५ किलो वजनाइतका जोर लावू शकते. तीच शक्ती गिअरने ८० फेऱ्यांवर उतरविली, तर जोर सहा पट, म्हणजे ९० किलोच्या आसपास होतो. घर्षणातील घट वजा जाता प्रत्यक्षात तो थोडा कमी भरेल.

यासाठीच जुन्या लेथवर बॅकगिअर नावाची जोडी असते. दोन लहान आणि दोन मोठ्या दंतचक्रांतून चाल फिरवून ती गती साधारण सहा पटींनी उतरविते. वर सांगितलेल्या तीन गतींच्या जोडीला तिच्यामुळे ४८, ८० आणि १३३ अशा आणखी तीन गती मिळतात. मोठी चकती, जाड आटे किंवा सांधा कापणे ही कामे यांवरच होतात. जुना लेथ घेताना बॅकगिअरचे दात शाबूत आहेत ना, हे आधी पाहावे.

अलीकडे मोटारीची गती विद्युत उपकरणाने कमी-जास्त करण्याची सोय स्वस्त झाली आहे. बटण फिरविले की गती बदलते, त्यामुळे पुल्यांची गरजच उरली नाही असे वाटते. हा गैरसमज होय. मोटार उपकरणाने हळू केली तर तिचा जोर वाढत नाही, फार तर तेवढाच राहतो. आणि शक्ती गतीच्या प्रमाणात घटते. वरच्या उदाहरणात गिअरऐवजी उपकरणाने ८० फेरे केले, तर हाती ९० किलो नव्हे, १५ किलोच राहतात. शिवाय मोटारीला थंड ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने तो मंदावतो आणि मोटार तापते. म्हणून मोठा उतार पुल्यांनी अथवा गिअरने द्यावा आणि त्यामधील बारीक फरकापुरते उपकरण वापरावे.

कोणती मोटार घ्यावी?

घरघंटीची किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाची एक-फेज मोटार ही ग्रामीण भागात सहज मिळणारी वस्तू. अर्धी ते एक अश्वशक्ती लहान लेथला पुरते. मोटारीवरील पाटी वाचून गती व शक्ती यांची खात्री करून घ्यावी. सर्व बाजूंनी बंद आणि पंखा बाहेर असलेली मोटार निवडावी. उघड्या जाळीच्या मोटारीत धातूचा कीस शिरून आतील तारा जळतात.

धुलाईयंत्राच्या जुन्या मोटारीचा जोर बेताचाच असतो. शिवणयंत्राची किंवा मिक्सरची मोटार अतिशय वेगाने फिरते आणि ओझे पडताच मंदावते. लेथसाठी ती घेऊ नये. व्यायामाच्या चालपट्ट्याची एकदिश प्रवाहाची मोटार पुष्कळ हौशी कारागीर वापरतात. तिला हळू फिरतानाही चांगला जोर असतो. परंतु तिच्या नियंत्रक पाटीतील भाग बहुधा थेट वीजवाहिनीशी जोडलेले असतात आणि उघडे ठेवल्यास स्पर्शाने धक्का बसतो. तीन-फेज मोटार एक-फेज जोडणीवर चालविणाऱ्या उपकरणाबाबतही सावधगिरी हवी. वीज बंद केल्यावरही त्याच्यातील धारित्रांत काही मिनिटे भार राहतो. लगेच झाकण उघडू नये. मोटारीची जोडणी उपकरणाच्या दाबास अनुरूप करणे, हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

पुली आणि पट्टा

बिडाच्या पुल्या नाशिकच्या बाजारात मिळतात. पण नेमक्या मापाची पुली न मिळाल्यास ती घरी करता येते. प्लायवूडचे तुकडे एकावर एक, तंतूंची दिशा आलटून पालटून, पाण्याला न विरघळणाऱ्या सरसाने चिकटवावेत, मध्ये धातूची वाटी बसवावी आणि लेथवरच ती गोल कातून घ्यावी. मधल्या शाफ्टवरील मोठ्या पुलीस हे चालते. ओतीव ॲल्युमिनियमची पुली अधिक टिकते. पुली केवळ दाबस्क्रूने न बसविता चावी घालून बसवावी, नाहीतर ओझे पडताच ती शाफ्टवर फिरू लागते.

पट्ट्यांपैकी सर्वांत सोयीचा पाचरीच्या आकाराचा, ‘ए’ मापाचा पट्टा. त्याची वरची रुंदी १३ मिमी व जाडी ८ मिमी असते आणि त्यासाठी पुली ७५ मिमीपेक्षा लहान नसावी. दातेरी पट्टा अजिबात घसरत नाही, म्हणून तो उत्तम, असे काही जण मानतात. लहान लेथवर मात्र पट्ट्याचे घसरणे हा गुणच आहे. हत्यार धातूत अडकले, तर पट्टा घसरतो आणि दंतचक्रांचे दात, हत्यार व कदाचित कारागिराची बोटे वाचतात. पट्टा फार आवळू नये. दोन्ही पुल्यांच्या कडांवर दोरी ताणून धरावी. ती चारही ठिकाणी टेकली, तर पुल्या एका रेषेत आहेत असे समजावे.

हत्याराची बैठक आपोआप सरकविण्यासाठी मोटारगाडीच्या काचपुसणीची १२ व्होल्टची मोटार कल्पकतेने वापरता येते. साध्या कातकामास ती चालते. आटे पाडण्यास मात्र नाही. आटे पाडताना आस एक फेरा फिरला की हत्याराने ठरावीक अंतरच पुढे गेले पाहिजे. लेथच्या मुख्य स्क्रूचा आटा ३ मिमीचा असेल आणि १.५ मिमीचा आटा पाडावयाचा असेल, तर आसाच्या दोन फेऱ्यांत स्क्रूचा एकच फेरा व्हावयास हवा. हे नाते दंतचक्रांनीच बांधता येते.

थांबण्याची व्यवस्था

ग्रामीण भागात वीज जाणे ही नित्याची बाब. लेथ चालू असताना वीज गेली, कारागीर चक उघडून काम काढू लागला आणि तेवढ्यात वीज आली, तर काय होईल याची कल्पना करावी. साधे खटक्याचे बटण चालूच्या स्थितीत राहिलेले असते. यंत्र आपोआप फिरू लागते आणि चकची चावी गोळीसारखी उडते. विहिरीवरील पंप वीज येताच आपोआप सुरू व्हावा म्हणून बरेच शेतकरी ‘ऑटो’ स्विच लावतात. तशी सोय लेथला चुकूनही असू नये. येथे नेमके उलट हवे. वीज गेली की स्टार्टर स्वतः सुटला पाहिजे आणि हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत यंत्र फिरता कामा नये. असा दाबबटणाचा स्टार्टर बाजारात मिळतो, आणि संपूर्ण यंत्रणेत ज्या खर्चात काटकसर करू नये तो हाच.

लाल रंगाचे मोठे बंद बटण चकवरून हात न नेता सहज पोहोचेल अशा जागी असावे. पायाने दाबता येणारी पट्टी असल्यास अधिक चांगले. पट्टा सैल करणारी तरफ बसविली, तर जुन्या मोकळ्या पुलीप्रमाणे मोटार चालू असतानाही लेथ थांबविता येतो. मात्र माप घेताना किंवा चक उघडताना तरफेवर विसंबू नये, मोटारच बंद करावी. काही लेथचा चक आसावर आट्याने बसविलेला असतो. तो उलट फिरवून कातल्यास किंवा एकदम थांबविल्यास चक उलगडून निसटण्याचा धोका असतो. फिरता चक हाताने थांबविण्याची सवय तर मुळातच लागू देऊ नये.

सर्व पुल्या आणि पट्टे जाळीच्या किंवा पत्र्याच्या झाकणाखाली असावेत. यंत्राचे फिरते भाग कुंपणबंद ठेवण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने कारखान्यांवर घातले होते. शाळेच्या खोलीत किंवा घराच्या पडवीत निरीक्षक येत नाही, म्हणून पट्टा कमी धोक्याचा ठरत नाही. पिठाच्या गिरणीत पट्ट्याजवळ पदर सावरून उभे राहण्यास वडीलधारी माणसे सांगतात, तोच नियम येथे लागू आहे. पदर, ओढणी, सैल बाही, गळ्यातील साखळी, हातमोजे आणि मोकळे केस लेथजवळ नकोत. डोळ्यांवर चष्मा हवा. यंत्राचे बिडाचे अंग आणि मोटार या दोहोंना भूतार आणि जोडणीला गळतीरोधक स्विच असल्याखेरीज वीज देऊ नये.

शाळा आणि ग्रामपंचायती

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकावे आणि त्यातून गावाला उपयोगी सेवा घडावी, हे सूत्र तेथून अनेक ग्रामीण शाळांत पोहोचले. पडून असलेला लेथ पुन्हा चालता करणे हा या सूत्राचा उत्तम पाठ ठरेल. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यास गुणोत्तर, वर्तुळाचा परीघ, शक्ती व बल हे पाठ्यपुस्तकात भेटतातच. पुलीचा व्यास मोजून आसाची गती आधी कागदावर काढावी आणि आसावर खडूची खूण करून सर्वांत मंद गतीला तिचे मिनिटातील फेरे मोजावेत. दोन उत्तरे जुळली, की गणित कशासाठी शिकतात हे वेगळे सांगावे लागत नाही. थोडा फरक आला, तर पट्ट्याच्या घसरणीचा विषय आपोआप निघतो. लेथ चालविणे मात्र प्रशिक्षित शिक्षकाच्या उपस्थितीतच व्हावे.

ग्रामपंचायत सदस्यांनाही यात लक्ष घालण्याजोगे आहे. पंपाची झिजलेली वाटी, बैलगाडीच्या किंवा मळणीयंत्राच्या आसाची बूश, फवारणीयंत्राचा लहानसा सांधा अशा कामांसाठी तालुक्याच्या गावी खेप करावी लागते आणि ऐन हंगामात दिवस मोडतो. गावात एक चालता लेथ आणि तो जाणणारा एक माणूस असेल, तर हे काम तासाभरात होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून टर्नरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले तरुण अनेक गावांत आहेत; अनुभवी सेवानिवृत्त कारागीरही आहेत. त्यांच्याकडून यंत्राची एकदा तपासणी करून घ्यावी. तपासताना पहिला प्रश्न ‘किती वेगाने फिरतो?’ हा नसावा. लाल बटण दाबून पाहावे, चालत्या यंत्राची वीज तोडून पुन्हा जोडून पाहावी आणि झाकण जागेवर आहे ना ते पाहावे. या तिन्ही कसोट्यांना जो लेथ उतरेल, त्याच्याच हाती गावातील मुलांचे हात निश्चिंतपणे सोपविता येतील.